चिकलठाणा, नांदेड आणि उद्याची लहान विमानतळे : सुरक्षातपासणीचा विचार इमारतीच्या नकाशापासून व्हावा

पैठणगेट (धागाकर्ता)

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाच्या धावपट्टीचा विस्तार, त्यासाठीचे भूसंपादन आणि नव्या शहरांकडे जाणाऱ्या विमानांची मागणी या विषयांवर आपल्याकडे वर्षानुवर्षे चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. नांदेडच्या विमानसेवेविषयीही तसेच. लातूर आणि धाराशिवचे लोक तर नियमित सेवेची मागणी कधीपासून करत आहेत. परंतु विमानतळ वाढेल तेव्हा प्रवाशांची सुरक्षातपासणी किती जागेत, कोणत्या क्रमाने आणि किती माणसांच्या बळावर होणार, हा प्रश्न आपण नागरिक म्हणून सहसा विचारत नाही. तो विचारला जावा, यासाठी हा धागा काढत आहे.

आज आपण ज्या टप्प्यांतून विमानापर्यंत पोहोचतो, त्यांतील बहुतेक टप्पे एखाद्या दुर्घटनेनंतर आलेले आहेत. सप्टेंबर १९७६ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले, त्यानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेसाठी वेगळा कक्ष सुरू झाला. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात स्फोट होऊन ३२९ जणांचा मृत्यू झाला. ज्या बॅगेत बॉम्ब होता तिचा मालक विमानात बसलाच नव्हता. त्यानंतर १ एप्रिल १९८७ रोजी हा कक्ष स्वतंत्र झाला (नागरी विमान सुरक्षा ब्युरो), आणि प्रवासी चढला नाही तर त्याचे सामानही उतरवायचे, या नियमाची अंमलबजावणी जगभर कडक झाली. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून निघालेल्या विमानाच्या अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे देण्यास सुरुवात झाली, आणि ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूर हे त्यातील पहिले विमानतळ ठरले.

नियम असे एकावर एक चढत गेले, पण त्यांच्यासाठी लागणारी जागा मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. जुन्या इमारतींत नवी यंत्रे मिळेल त्या कोपऱ्यात बसवावी लागली. लहान विमानतळाची अडचण आणखी निराळी असते. तेथे दिवसाचे कित्येक तास दालन रिकामे असते, आणि दोन-तीन विमाने जवळजवळच्या वेळेला आली की अर्ध्या-पाऊण तासात शेकडो प्रवासी एकाच क्ष-किरण यंत्रापुढे उभे राहतात. वार्षिक प्रवासीसंख्येच्या सरासरीवर यंत्रे आणि माणसे ठरवली, तर ती गर्दीच्या त्या पाऊण तासाला कधीच पुरत नाहीत.

रांगेकडे आपण गैरसोय म्हणून पाहतो. मला ती सुरक्षेतील उणीव वाटते. अजून तपासणी न झालेली माणसे बंदिस्त जागेत दाटीने उभी असतात, आणि पलीकडे पडद्याकडे पाहणाऱ्या कर्मचाऱ्यावर ‘लवकर करा’ असा न बोललेला दबाव येतो. म्हणून रांग आखूड करणे हे सुरक्षेचेच काम आहे, आणि त्याची सोय इमारतीचा आराखडा करतानाच झाली पाहिजे. अनुभवी आणि जाणकार मंडळींनी यावर लिहावे, ही विनंती.

दुधना

पैठणगेट, आपण हा विषय मांडलात याचे समाधान वाटते. मी सुरक्षातपासणीच्या कामात बरीच वर्षे होतो, आता निवृत्त आहे. कोणत्याही विमानतळाची अंतर्गत व्यवस्था येथे लिहिणार नाही, परंतु सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टींवरून काही सांगता येईल.

क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर सामान रंगांत दिसते. अन्न, कागद, कापड, प्लास्टिक असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे आणि मिश्र किंवा मधल्या घनतेच्या वस्तू हिरव्या. जेथून किरण आरपार जात नाहीत तो भाग काळा. अनेक स्फोटके सेंद्रिय पदार्थांप्रमाणेच नारिंगी दिसतात, त्यामुळे मिठाईचा डबा आणि संशयास्पद वस्तू यांतील फरक आकारावरून, कडांवरून आणि आजूबाजूच्या तारांवरून ओळखावा लागतो. लॅपटॉप बाहेर काढायला सांगतात तो याचसाठी. त्याची बॅटरी आणि आतले सुटे भाग इतके दाट असतात की खालची वस्तू त्यांच्याआड झाकली जाते.

या कामाचा सर्वांत अवघड भाग असा की शोधायची वस्तू जवळजवळ कधीच सापडत नाही. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असताना पाहणाऱ्यांकडून ती सुमारे ७ टक्के वेळा सुटली. तीच वस्तू शंभरात एकाच चित्रात ठेवली, तेव्हा ती सुमारे ३० टक्के वेळा सुटली. माणसे तीच होती आणि डोळेही तेच होते. ‘बहुधा काही नसणारच’ अशी मनाची तयारी झाली की नजर लवकर पुढे सरकते. विमानतळावर तर खरी धोकादायक वस्तू शंभरात काय, लाखांतही एकदा येत नाही. त्यामुळे अनेक देशांत यंत्रच अधूनमधून खऱ्या बॅगेच्या चित्रात बंदुकीची किंवा स्फोटकाची कृत्रिम प्रतिमा मिसळते आणि कर्मचाऱ्याने ती ओळखली की नाही याची नोंद ठेवते. युरोपीय संघाच्या नियमांत सर्वसाधारणपणे सलग २० मिनिटांपेक्षा अधिक काळ पडद्याकडे पाहण्यास मनाई आहे, आणि त्यानंतर किमान १० मिनिटे दुसरे काम किंवा विश्रांती द्यावी लागते.

आता याचा इमारतीशी संबंध पाहा. वीस मिनिटांनी माणूस बदलायचा, तर त्याच जागी आणखी प्रशिक्षित माणसे हवीत आणि त्यांना बसायला शांत खोली हवी. पडदा अशा ठिकाणी हवा की त्यावर खिडकीचे ऊन पडणार नाही आणि प्रवासी खांद्यावरून डोकावणार नाहीत. नकाशा मंजूर होतो त्या बैठकीत ही खोली मागणारा माणूस बहुधा बसलेलाच नसतो.

आणखी एक गोष्ट, जिला फारसा खर्च नाही. पट्टा थांबतो तेव्हा लोकांना वाटते की यंत्र हळू आहे. बहुतेक वेळा पुढचा प्रवासी अजून खिशातून नाणी आणि किल्ल्या काढत असतो, कमरेचा पट्टा सोडत असतो, आणि त्याच्या मागचे सगळे खोळंबतात. यंत्राच्या अलीकडे लांब टेबल असावे, एकाच वेळी चार-पाच जणांना आपापला ट्रे भरता यावा आणि जो तयार झाला त्याचा ट्रे पुढे सरकावा. मोठ्या विमानतळांवर आता अशीच रचना येत आहे, ट्रे परत आणणारे पट्टेही तेथे असतात. आपल्याकडे स्वयंचलित पट्टा नसला तरी लांब टेबल आणि यंत्राच्या पलीकडे बूट घालायला बाक, एवढे तर करता येईल. पलीकडची जागा अपुरी असेल तर उचलले न गेलेले ट्रे साचतात आणि सगळी ओळ मागून तुंबते.

सिंदफणा

दुधनाकाका, आपले लिखाण वाचून पट्ट्यापलीकडच्या माणसाचा प्रथमच इतका विचार केला. मला स्त्रियांच्या रांगेविषयी लिहायचे आहे, कारण धाग्यात तो विषय आला नाही तर तो पुढे कोणत्याही मसुद्यात येणार नाही.

आपल्याकडे धातुशोधक चौकटीतून गेल्यावरही प्रत्येकाची हातातल्या यंत्राने तपासणी होते. पुरुषांची ती उघड्यावर होते, स्त्रियांची पडद्याआड, महिला कर्मचाऱ्याकडून. हे योग्यच आहे. परंतु लहान ठिकाणी पडद्याची खोली एक आणि महिला कर्मचारीही एकच, अशी वेळ येते. पुरुषांच्या दोन रांगा सरकत राहतात आणि बायका, लेकुरवाळ्या आया, म्हाताऱ्या आत्याबाई थांबून राहतात. आमच्या भागातील वयस्क स्त्रीच्या अंगावर पाटल्या, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी आणि पैंजण असतात, आणि यांतील कित्येक गोष्टी तिने लग्नानंतर कधी उतरवलेल्या नसतात. यंत्र वाजणारच. वाजले की ती घाबरते, आपल्या हातून काही चुकले असे तिला वाटते. तिला मराठीत, शांतपणे, ‘मावशी, बांगड्यांमुळे वाजते आहे, काळजी करू नका’ एवढे सांगणारे कोणी असेल तर तपासणी लवकर होते आणि अधिक नीटही होते.

माझ्या सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदललेले आहेत. दुसऱ्या एका शहरातील मोठ्या विमानतळावर त्यांना बराच वेळ उभे ठेवण्यात आले, खोलीत खुर्ची नव्हती आणि साडी कुठवर वर करायची हे कोणी नीट सांगत नव्हते. त्या परतीचा प्रवास रेल्वेने करू या म्हणाल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी कृत्रिम पाय काढायला लावण्याबद्दल जाहीर तक्रार केली होती आणि सुरक्षा दलाने त्यांची क्षमा मागितली होती. त्या प्रसिद्ध आहेत म्हणून त्यांचे ऐकले गेले. परळीहून किंवा गेवराईहून आलेल्या बाईचे कोण ऐकणार?

माझी मागणी नेमकी आहे. स्त्रियांसाठी किमान दोन बंद खोल्या असाव्यात, प्रत्येकीत खुर्ची आणि आधाराचा दांडा असावा, चाकाची खुर्ची आत वळेल एवढी रुंदी असावी आणि महिला कर्मचाऱ्यांची संख्या त्या वेळेतील विमानांच्या आसनसंख्येवरून ठरावी.

मांजराकाठ

सिंदफणाताईंच्या मुद्द्यावर डॉक्टर म्हणून थोडी भर घालतो. बदललेला सांधा, हाडातील सळई किंवा पट्टी यांमुळे चौकट वाजू शकते. रुग्णालयाचे कार्ड सोबत ठेवावे, मात्र त्याने तपासणी टळत नाही, संवाद सोपा होतो. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने चौकटीतून नेहमीच्या चालीने जायला हरकत नसते; हातातले यंत्र मात्र पेसमेकरच्या जागेवर धरून ठेवू नये. आधीच सांगून हाताने तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन मोठ्या सामानात देऊ नये, ते गोठले तर निकामी होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ते हातातल्या पिशवीत ठेवावे.

अंगावरून तपासणी करणाऱ्या नव्या यंत्रांविषयी रुग्ण नेहमी विचारतात, म्हणून लिहितो. आता वापरात येणारी यंत्रे मिलिमीटर लहरींवर चालतात. त्या रेडिओ लहरींच्या कुळातील आहेत, क्ष-किरण नव्हेत. मागे अमेरिकेत क्ष-किरण परावर्तनावर चालणारी यंत्रे होती. युरोपीय संघाने २०११ मध्ये त्यांना मनाई केली आणि अमेरिकेतील विमानतळांवरून ती २०१३ मध्ये हटवली गेली. नव्या यंत्रांच्या पडद्यावर शरीराचे चित्र दिसत नाही. सर्वांसाठी एकच साधी रेखाकृती दिसते आणि जेथे काही आढळले तेथे चौकोन उमटतो. म्हणजे गुडघ्यावर चौकोन आला तर गुडघाच पाहायचा. ताईंच्या सासूबाईंसारख्या प्रवाशांना अशा यंत्राचा सर्वाधिक उपयोग होईल.

खाम

मी थोडे विरुद्ध बाजूने लिहितो. सर्वांचा आदर राखून विचारतो : ही तपासणी खरोखर उपयोगी पडते, याचा पुरावा आपल्यापुढे कधी ठेवला जातो का? अमेरिकेत २०१५ मध्ये अंतर्गत चाचणीची बातमी बाहेर आली. प्रवासी म्हणून गेलेल्या चाचणी पथकांनी बनावट स्फोटके किंवा शस्त्रे आत नेण्याचे ७० प्रयत्न केले आणि त्यांतील ६७ यशस्वी झाले. इतका खर्च करणाऱ्या देशाची ही गत.

नियम एकदा आला की तो जात नाही, ही माझी दुसरी तक्रार. डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटके लपवली. त्यावरून अमेरिकेत २००६ पासून सर्वांनाच बूट काढावे लागू लागले, आणि तो नियम सर्वसाधारणपणे उठला जुलै २०२५ मध्ये. आपल्याकडे हातातल्या सामानाच्या चिठ्ठीवर शिक्का मारण्याची पद्धत १ एप्रिल २०१७ रोजी सात मोठ्या विमानतळांवर बंद झाली. शिक्का नसल्याने काही बिघडले नाही. मग असे आणखी कोणते टप्पे केवळ सवयीने चालू आहेत, याचा आढावा का घेतला जात नाही?

चेहरा ओळखून प्रवेश देणारी ‘डिजियात्रा’ १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळूर आणि वाराणसी येथे सुरू झाली. ती ऐच्छिक आहे, असे सांगितले जाते. पण दारात उभा असलेला कर्मचारी ‘फोटो द्या’ म्हणतो तेव्हा गावाकडचा माणूस ‘नको’ म्हणू शकतो का? आपल्याकडे दाराशी ओळखपत्र पाहायला फार वेळ लागत नाही. खोळंबा पुढे, पट्ट्याशी होतो, हे दुधनाकाकांनीच सांगितले आहे. अशा ठिकाणी चेहऱ्याच्या यंत्रावर पैसा घालण्याआधी तो टेबलांवर आणि माणसांवर घालावा.

पैठणगेट

खाम, आपला शेवटचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो आणि तो मसुद्यात घ्यावा असे वाटते. परंतु ७० पैकी ६७ या आकड्यावरून तपासणी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष निघत नाही. त्या देशाने स्वतःची परीक्षा घेतली आणि तीत तो नापास झाल्याचे लोकांना कळले, म्हणून प्रशिक्षण आणि यंत्रे बदलण्याची चर्चा तरी सुरू झाली. आपण मागायला हवे ते हेच : अशा चाचण्या लहान विमानतळांवरही नियमित व्हाव्यात. तपशील गुप्त राहू द्यावेत, पण त्या झाल्या आणि त्यानंतर सुधारणा केल्या गेल्या, एवढे जाहीर व्हावे.

यंत्रांबद्दल एक वस्तुस्थिती लक्षात ठेवावी लागेल. सामानाचे त्रिमितीय चित्र देणारी सीटी यंत्रे बसली की लॅपटॉप बाहेर काढावा लागत नाही, आणि पडद्यावरची वस्तू फिरवून पाहता येते. पण ब्युरोने ती यंत्रे ज्या विमानतळांसाठी आधी सक्तीची केली, त्यांची प्रवासीसंख्या वर्षाला ५० लाखांहून अधिक आहे. चिकलठाणा किंवा नांदेड या आकड्याच्या जवळपासही नाही. म्हणून नव्या आराखड्यात अशा यंत्रांचे वजन पेलणारी जमीन, पुरेशी वीज आणि लांबी आजच राखून ठेवावी, आणि यंत्र येईपर्यंत टेबले, खोल्या, माणसे यांवर भर द्यावा, असे मला वाटते. मागाहून भिंती फोडून जागा करणे फार महाग पडते.

आसना

नांदेडहून लिहितो. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेत ज्या पहिल्या मार्गांचा शुभारंभ झाला, त्यांत नांदेड–हैदराबाद होता. आमचे विमानतळ गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचे आहे आणि येथे उतरणाऱ्यांत तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला येणारे भाविक मोठ्या संख्येने असतात. त्यामुळे इतर ठिकाणी क्वचित उद्भवणारा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे, तो म्हणजे कृपाणाचा.

नियम असा आहे की शीख प्रवाशाला देशांतर्गत विमानात कृपाण सोबत नेता येते, मात्र पात्याची लांबी ६ इंचांपेक्षा आणि एकूण लांबी ९ इंचांपेक्षा अधिक नसावी. मार्च २०२२ मध्ये ब्युरोने हे स्पष्ट केले, त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. ही सवलत आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू नाही. अडचण येथेच येते. कॅनडाहून किंवा इंग्लंडहून आलेला भाविक परतताना नांदेडहून आधी देशांतर्गत विमानाने जातो आणि पुढे परदेशी विमान पकडतो. पहिल्या टप्प्याला कृपाण चालते, दुसऱ्याला चालत नाही, आणि मोठे सामान तर नांदेडलाच देऊन झालेले असते. ऐन वेळी दुसऱ्या विमानतळावर धर्मचिन्ह काढून कोणाकडे तरी सोपवायची वेळ त्याच्यावर येते. सामान देतानाच ‘पुढे परदेशी जाणार आहात का?’ असे विचारले, तर हा प्रसंग टळतो. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

दुसरे म्हणजे खाण्याच्या वस्तू. लाल तिखट आणि मिरचीचे लोणचे हातातल्या सामानात चालत नाही. सुके खोबरे तेलकट असते आणि साठ्यात आपोआप तापू शकते, म्हणून ते धोकादायक मालात मोडते. याउलट पॉवर बँक मोठ्या सामानात देता येत नाही, कारण विमानाच्या पोटात बॅटरीने पेट घेतला तर तेथे कोणी पोहोचू शकत नाही. ती हातातच ठेवायची. आपल्या घरांतून पुण्या-मुंबईला, दिल्लीला शिकणाऱ्या मुलांसाठी येसर, तिखट, खोबऱ्याच्या वाट्या जातात. आईने बांधून दिलेला डबा विमानतळावर काढून टाकावा लागतो तेव्हा मुलालाही वाईट वाटते आणि कर्मचाऱ्यालाही. ही माहिती तिकिटाच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजीत असून उपयोग नाही. यात्री निवासात, बसस्थानकावर आणि रेल्वेस्थानकावर मराठी, हिंदी आणि गुरुमुखीत चित्रांसह फलक लावले, तर पट्ट्याशी होणारा निम्मा वाद घरीच मिटेल.

बालाघाट

मी वास्तुरचनेच्या क्षेत्रात आहे आणि बीडचा आहे, म्हणून इमारतीच्या बाहेरचे लिहितो.

२६ एप्रिल १९९३ हा दिवस आमच्याकडच्या जुन्या लोकांना आठवतो. तेव्हाच्या औरंगाबादहून उड्डाण करणारे इंडियन एअरलाइन्सचे बोईंग ७३७ विमान धावपट्टीच्या टोकापलीकडे बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले, पुढे विजेच्या तारांवर आदळले आणि कोसळले. ११८ पैकी ५५ जण गेले. वैमानिकांनी विमान उशिरा उचलले, हे चौकशीत कारण ठरले, आणि त्याच्या जोडीला असेही नोंदवले गेले की उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक रोखण्याची व्यवस्था संबंधित प्राधिकरणाने केली नव्हती. तो अपघात होता, घातपात नव्हता. तरीही विमानतळाची हद्द भिंतीपाशी संपत नाही, हे मराठवाड्याइतके कोणाला कळायला हवे? धावपट्टी वाढवताना टोकापलीकडचा रस्ता, तेथील वाहतूक, कुंपण आणि बाजूने वाढणारी वस्ती यांचा विचार सुरक्षेच्या आराखड्यातच झाला पाहिजे.

आता दारापाशी येऊ. २००७ मध्ये ग्लासगो विमानतळाच्या दारावर पेटती जीप घालण्यात आली; दारासमोरच्या मजबूत खांबांमुळे ती आत घुसू शकली नाही. मार्च २०१६ मध्ये ब्रुसेल्स विमानतळावर स्फोट झाले ते सामान देण्याच्या दालनात, म्हणजे तपासणीच्या अलीकडे. अमेरिकेतील रँड या संस्थेने २००४ मध्ये लॉस एंजेलिस विमानतळाचा अभ्यास केला होता. सामान घेणारी माणसे वाढवून दालनातील गर्दी पांगवणे हा त्यांच्या शिफारशींतील महत्त्वाचा आणि तुलनेने स्वस्त उपाय होता. पैठणगेट यांनी रांगेबद्दल जे लिहिले, तेच ते सांगत होते.

आपल्याकडे तिकीट नसलेल्यांना दारातच थांबवतात, त्यामुळे आतली गर्दी कमी होते, पण ती नाहीशी होत नाही, दाराबाहेर जमते. आणि मराठवाड्यात ती केवढी असते! एक जण परदेशी निघाला की पोचवायला जीप भरून माणसे येतात. हजयात्रेच्या दिवसांत एकेका यात्रेकरूला निरोप द्यायला सगे-सोयरे आणि गल्लीतील माणसे हार घेऊन जमतात. त्यांना घरी बसा असे सांगणे योग्य नाही, तो निरोप त्यांच्या दृष्टीने फार मोठा असतो. प्रश्न हा आहे की ती माणसे उभी कोठे राहतात. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, आणि विमानतळासमोर सावली असते ती फक्त दारावरच्या छताची. साहजिकच सगळी गर्दी काचेच्या दाराला चिकटते, तेथेच वाहने थांबतात आणि तेथेच सामान उतरते. सुरक्षेच्या दृष्टीने याहून वाईट जागा नाही.

म्हणून माझी सूचना सावलीची आहे. दारापासून पुरेशा अंतरावर मोठा मंडप कायमस्वरूपी बांधावा. त्यात पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, नमाजासाठी आणि लेकुरवाळ्या बायकांसाठी जागा आणि विमानांच्या वेळा सांगणारा फलक असावा. भोवती कडुनिंब लावावेत. माणसे सावलीकडे जातात, तेथे पोलीस लावून ढकलावे लागत नाही. दारासमोर वाहन थेट चालून येणार नाही असा वळणदार मार्ग आणि खांब असावेत, आणि काच अशा प्रकारची असावी की ती फुटली तरी तिचे तुकडे उडणार नाहीत. स्फोटात अनेक जखमा काचेनेच होतात.

दुधना

बालाघाट, सावलीचा मुद्दा फार मोलाचा आहे. हजच्या दिवसांत काम केलेल्या कोणालाही तो लगेच पटेल. खाम यांना एवढेच सांगतो की नियमांचा आढावा घ्यावा, ही मागणी कर्मचाऱ्यांचीही असते. निरर्थक टप्पा त्यांनाही थकवतो. परंतु तो कोणता, हे दारात उभ्या असलेल्या माणसाने ठरवायचे नसते, आणि त्याच्याशी हुज्जत घालून ते ठरतही नाही.

खाम

काका, मान्य आहे. आढाव्याची मागणी वर जावी, दारात वाद नको. माझी विनंती इतकीच की चेहरा ओळखण्याची यंत्रणा आली तर तिच्याशेजारी कागदी तिकिटाची रांग कायम उघडी असावी आणि ‘फोटो देणे ऐच्छिक आहे’ हे मराठीत ठळक लिहिलेले असावे.

पैठणगेट

सर्वांचे आभार. विमानतळांसाठी स्थानिक खासदारांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती असते. तिच्याकडे देण्यासाठी निवेदनाचा मसुदा मी या प्रतिसादांवरून तयार करतो. त्यात सिंदफणाताईंची महिला तपासणी खोल्यांची मागणी सर्वांत वर ठेवीन, कारण तिला नव्या इमारतीची वाट पाहावी लागत नाही. त्याखाली यंत्राच्या दोन्ही बाजूंची लांब टेबले, कर्मचाऱ्यांची विश्रांतीची खोली आणि गर्दीच्या तासावरून ठरणारी कर्मचारीसंख्या. मंडप, दारासमोरचे खांब, भविष्यातील यंत्रांसाठी राखीव जागा आणि धावपट्टीच्या टोकापलीकडचा रस्ता हे मुद्दे विस्ताराच्या आराखड्यात घालावेत, असे वेगळे लिहीन. मांजराकाठ, पेसमेकर आणि इन्सुलिनचा मजकूर आपण चार ओळींत लिहून द्याल का? आसना, फलकाचे आपल्याकडे सोपवावे असे वाटते.

मांजराकाठ

उद्या देतो. कानात बसवलेली श्रवणयंत्रे आणि गरोदर स्त्रियांविषयीही दोन ओळी घालतो. त्यांचे प्रश्नही नेहमी येतात.

आसना

फलकाचे काम घेतो. गुरुमुखीतील मजकूर येथील जाणकारांकडून तपासून घेईन. कृपाणाची लांबी इंच आणि सेंटिमीटर अशा दोन्ही मापांत देऊ, म्हणजे पाते १५.२४ आणि एकूण २२.८६ सेंटिमीटर, आणि शेजारी प्रत्यक्ष लांबीची रेघ छापू, म्हणजे भाविकाला निघण्यापूर्वी यात्री निवासातच कृपाण त्या रेघेवर ठेवून पाहता येईल. परदेशी जोडविमान असणाऱ्यांसाठीची सूचना वेगळ्या रंगात हवी. पैठणगेट, मसुद्यात सामान घेणाऱ्या खिडकीवर विचारायचा तो एक प्रश्न न विसरता घालावा.